भोंगा वाजला, पुढे काय?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात धोक्याचा भोंगा होता आणि त्या रात्री तो वाजलाही. २ डिसेंबर १९८४ची रात्र उलटून तारीख बदलली होती. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं होतं आणि आतलं मिथाइल आयसोसायनेट तापून उसळत होतं. भोंगा सुरू झाला आणि वस्तीला ऐकू जाणारा त्याचा आवाज थोड्याच वेळात बंद करण्यात आला. ही कुणाची घाईगडबडीतली चूक नव्हती. कारखान्याची कार्यपद्धतीच तशी होती. बारीकसारीक गळतीपायी आजूबाजूच्या लोकांना उगाच कशाला घाबरवा, असा त्यामागचा विचार. बाहेरचा भोंगा पुन्हा सुरू झाला तो दोनच्या सुमारास. तोवर जयप्रकाशनगर आणि काझी कॅम्पमधली माणसं अंथरुणातून उठून, डोळे चोळत, खोकत, वाट फुटेल तिकडे पळत सुटली होती. बरेच जण वारा वाहत होता त्याच दिशेला पळाले, म्हणजे वायूच्या सोबतीनेच.

मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी चटकन अभिक्रिया होते. म्हणून ओलं फडकं नाकातोंडावर धरा, दारं-खिडक्या बंद करून आत पडून राहा, पळायचंच असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा, एवढी तीन वाक्यं त्या वस्त्यांना आधीपासून ठाऊक असती, तर कितीतरी माणसं वाचली असती. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही समोरच्या रुग्णाच्या फुप्फुसात नेमकं काय गेलंय हे कळायला मार्ग नव्हता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू धुऊन काढणारा स्क्रबर पुरा पडला नाही, वायू जाळून टाकणारी फ्लेअरची चिमणी दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेली होती. या यांत्रिक कारणांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. कुंपणाच्या आत काय साठवलंय आणि ते सुटलं तर काय करायचं, हे कुंपणाबाहेर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. चाळीस वर्षं झाली, आपत्कालीन नियोजनाची दुखरी नस अजून तीच आहे.

कायदे मात्र झाले, आणि चांगले झाले. भोपाळला वर्ष उलटतं न उलटतं तोच, ४ डिसेंबर १९८५ला, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम गळलं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आणि बिनशर्त ठरवली. १९८७मध्ये कारखाने अधिनियमात नवं प्रकरण घातलं गेलं. १९८९मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम आले. १९९६मध्ये रासायनिक अपघातांसाठी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट गट नेमणारे नियम आले. १९८९च्या नियमांना जोडलेल्या याद्यांमध्ये कोणतं रसायन किती साठवलं की कोणती बंधनं लागू होतात, ते दिलंय. क्लोरीनसाठी पहिली पायरी १० टनांची, दुसरी २५ टनांची. मिथाइल आयसोसायनेटसाठी एकच आकडा आहे, १५० किलो. भोपाळच्या त्या एका टाकीत सुमारे ४० टन होतं.

या नियमांनुसार दोन योजना लागतात. कारखान्याच्या आवारातली योजना मालकाने करायची आणि दर सहा महिन्यांनी तिची तालीम घ्यायची. आवाराबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाने करायची आणि वर्षातून एकदा तरी ती प्रत्यक्ष करून पाहायची. जिल्हाधिकारी हे जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष. गटात पोलीस, अग्निशमन दल, आरोग्य खातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आपल्याकडे ‘डिश’ या नावाने ओळखलं जाणारं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, अशी सगळी मंडळी.

आवाराच्या आत काय चालतं, ते क्लोरीनच्या एका टनरजवळ उभं राहून पाहू. पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात, कागद गिरणीत, औषधांच्या कारखान्यात हा टनर दिसतो. पोटात ९०० किलो द्रवरूप क्लोरीन असलेलं, आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप. एका तोंडाला दोन व्हॉल्व्ह. टनर असा ठेवायचा की ते एकावर एक येतील. मग वरच्यातून वायू येतो आणि खालच्यातून द्रव. वास आला की शिकलेला कामगार आधी वर मान करून वातदर्शक, म्हणजे खांबावरची ती फुगीर कापडी नळी, कुठे वळलीय ते बघतो आणि वाऱ्याला पाठ देऊन, पाठीवर हवेचं नळकांडं आणि तोंडावर मास्क चढवून, जोडीदाराबरोबरच पुढे सरकतो. एकट्याने जायचं नाही, हा पहिला नियम. हातात काठीला बांधलेला, अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा. तो व्हॉल्व्हच्या भोवती फिरवला की जिथे गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. बऱ्याचदा गळती व्हॉल्व्हच्या ग्लँडजवळ असते आणि पान्याचा एक आटा दिला की थांबते. नाही थांबली, तर किटमधली टोपी व्हॉल्व्हवर बसवून आवळायची. टनरच्या अंगालाच भोक पडलं असेल, तर तो असा फिरवायचा की भोक वरच्या बाजूला येईल. कारण द्रव क्लोरीन बाहेर पडलं की फुगून साडेचारशे पटींच्या आसपास वायू होतो. वायूची गळती आणि द्रवाची गळती यांत कारखान्यापुरतं संकट आणि गावभर संकट, इतका फरक पडतो. आणि गळणाऱ्या भोकावर पाणी मारायचं नाही. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होतं, ते लोखंड खातं आणि भोक मोठं होतं. बंब आला की सगळ्यात आधी पाणी सुरू होतं, म्हणून अग्निशमन दलाला हे आधीच सांगून ठेवलेलं असावं लागतं.

हे सगळं होत असताना बाकीच्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूच्या असेंब्ली पॉइंटवर जमायचं आणि तिथे हजेरी घ्यायची. कागदावर सोपं दिसणारं हे काम प्रत्यक्षात सगळ्यात अवघड. कायम कामगार मस्टरवर असतात. ठेकेदाराची माणसं, टँकरचा क्लीनर, रंगकामाला आलेले दोघे, सकाळी गेटवरून आत घेतलेला हमाल, यांची नोंद असलीच तर गेटवरच्या वहीत, आणि स्फोटानंतर ती वही कुठे जाते कुणास ठाऊक. आत नक्की किती माणसं होती हेच माहीत नसेल, तर जवानांना पुन्हा आगीत पाठवायचं की नाही हे ठरवायचं कसं? २३ मे २०२४ला डोंबिवलीतल्या कारखान्याच्या स्फोटानंतर मृतांची ओळख पटवायला डीएनए चाचण्यांचा आधार घ्यावा लागला. भाजलेल्या देहांपुरतं ते समजू शकतं. पण नातेवाईक दारोदार फिरत ‘आमचा माणूस आत होता का’ विचारत असतात, तेव्हा फसलेली असते ती हजेरीची वही.

आता कुंपणाबाहेर येऊ. जिल्ह्याच्या योजनेत नकाशा असतो आणि नकाशावर कारखान्याभोवती वर्तुळं काढलेली असतात: आतलं लाल, मधलं नारिंगी, बाहेरचं पिवळं. अमुक टाकी पूर्ण फुटली तर वायू तमुक अंतरापर्यंत घातक ठरेल, असं गणित संगणकावर मांडून ती आलेली असतात. गणित खोटं नसतं, पण वायू कधी वर्तुळात पसरत नाही. तो वाऱ्याबरोबर लांबट पिसाऱ्यासारखा जातो. वर्तुळाचा खरा अर्थ इतकाच की पिसारा यातल्या कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. माहूल-चेंबूर-तुर्भ्याचं घ्या. एकाला लागून एक रिफायनऱ्या, खताचा कारखाना, टाक्यांची रांग आणि मधोमध वस्ती. दिवसा समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, म्हणजे काही सुटलं तर त्याचा रोख ठाण्याच्या खाडीकडे. हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, तेव्हा तोच वायू वडाळा-शीवकडे वळेल. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि संथ असते, वरच्या हवेत मिसळत नाही. दुपारी अर्ध्या किलोमीटरवर विरून गेला असता तो वायू पहाटे कितीतरी लांबपर्यंत जमिनीला चिकटून सरपटत जातो. भोपाळ मध्यरात्री घडलं, २०२०ची विशाखापट्टणमची वायुगळती पहाटे तीनच्या सुमारास. म्हणून एकाच टाकीसाठी दिवसाचा आणि रात्रीचा असे निदान दोन नकाशे हवेत. जिल्ह्याच्या फायलीत बहुधा एकच असतो.

मग लोकांनी करायचं काय, पळायचं की थांबायचं? आपल्या मनात ‘स्थलांतर’ हा शब्द पक्का बसलाय, कारण पूर आणि वादळं आपल्याला ठाऊक आहेत. वायूचं तसं नाही. गळती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आटोक्यात येते, आणि हजारो माणसांना अरुंद रस्त्यांवरून बाहेर काढायला त्याहून जास्त वेळ लागतो. रस्त्यावर अडकलेला, धापा टाकणारा माणूस घरात बसलेल्याच्या कित्येक पट विष ओढून घेतो. म्हणून वेळ थोडा असेल तर जगभर सल्ला एकच: आत जा, दारं-खिडक्या लावा, फटींमध्ये ओले टॉवेल कोंबा, पंखे, एसी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा, गॅस विझवा. क्लोरीनसारखा हवेपेक्षा जड वायू असेल तर वरच्या मजल्यावर जा. अमेरिकेत टेक्सासमधल्या डिअर पार्क या रिफायनऱ्यांच्या गावात शाळकरी मुलांना हे शिकवायला एक कासव आहे, वॉली वाइज गाय नावाचं. धोका दिसला की कवचात शिरतं. पोरं ते घरी जाऊन आईबापांना शिकवतात.

मात्र कवच असेल तरच शिरायचं ना! हा सल्ला पक्क्या भिंतींच्या, नीट लागणाऱ्या खिडक्यांच्या घरांसाठी लिहिलेला आहे. आपल्या एमआयडीसीच्या भिंतीला टेकून जी घरं आहेत, त्यांचे पत्रे आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट असते. तिथे ‘घरात थांबा’ म्हणणं म्हणजे नुसती बोळवण. अशा वस्तीसाठी पाच-सात मिनिटांत चालत गाठता येईल अशी पक्की इमारत आधी ठरवून ठेवावी लागते. पालिकेची शाळा, समाजमंदिर, कंपनीचंच कॅन्टीन. त्याची किल्ली रात्री कुणाकडे असते, हेही योजनेत लिहावं लागतं. मी पाहिलेल्या अशा कागदांत इमारतीचं नाव असतं, किल्लीचा पत्ता नसतो.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. बंद घरातही वायू हळूहळू शिरत असतो. बाहेरचा ढग निघून गेल्यावर बाहेरची हवा स्वच्छ आणि घरातली वाईट, असं उलटं होऊन बसतं. त्या क्षणी खिडक्या सताड उघडून बाहेर यायचं असतं. म्हणजे ‘आत जा’ याइतकीच ‘आता बाहेर या’ ही सूचनाही महत्त्वाची. बहुतेक ठिकाणी चढउताराचा भोंगा म्हणजे धोका आणि सलग सरळ भोंगा म्हणजे धोका टळला, असा संकेत असतो. कारखान्याच्या कामगाराला तो पाठ असतो. त्याच्या बायकोला, शेजाऱ्याला, पानाच्या टपरीवाल्याला विचारून पाहा.

लोकांना हे सांगणं ऐच्छिक नाही. १९८७च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४१-बमध्ये धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने परिसरातल्या रहिवाशांना सुरक्षेचे उपाय कळवावेत, असं स्पष्ट म्हटलं. १९८९च्या नियमांतला १५वा नियम तेच आणखी तपशिलाने सांगतो: धोक्याचं स्वरूप काय, काय करावं, काय करू नये. कागदोपत्री पूर्तताही होते. कुठल्या तरी कोपऱ्यात पत्रक छापलेलं असतं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर इंग्रजीत चिकटवलेलं असतं. खरी अडचण मनात आहे. कंपनीला वाटतं, लोकांना सांगितलं तर मोर्चे येतील. अधिकाऱ्यांना वाटतं, घबराट पसरेल. बिल्डरला काय वाटतं ते सांगायला नको. आणि खरं सांगायचं तर फ्लॅट घेऊन बसलेल्यालाही ते ऐकायचं नसतं, दर पडतील म्हणून.

या मानसिकतेची किंमत ७ मे २०२०ला विशाखापट्टणमच्या आर. आर. वेंकटपुरमने मोजली. टाळेबंदीत बंद असलेल्या एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यात स्टायरीनची टाकी तापली. स्टायरीनचे रेणू आपापसात जोडले जायला लागले की उष्णता निघते, उष्णतेने जोडणी आणखी वेगाने होते. ते रोखणारं रसायन पुरेसं नव्हतं, आणि तापमान मोजलं जात होतं टाकीच्या तळाशी, तर वरचा थर केव्हाच उकळायच्या बेताला आलेला. बारा माणसं गेली. राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नोंदवलेली एक गोष्ट वाचून मी थबकलो. त्या आवारात भोंगा सुरू करण्याची ३६ ठिकाणं होती. एक तर प्रवेशद्वारावरच. त्यातलं एकही बटण दाबलं गेलं नाही.

बटण दाबायला हात का धजावत नाही? रात्रपाळीच्या माणसाला वाटतं, उद्या खोटी ओरड ठरली तर मेमो आपल्याला मिळेल. म्हणून तो आधी साहेबांना फोन करतो, साहेब मोठ्या साहेबांना, आणि मिनिटं निघून जातात. यावर उपाय यंत्राचा नाही, सवयीचा आहे. नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभरचे भोंगे चाचणीसाठी वाजत आले आहेत. कुणी घाबरत नाही, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

आपल्याकडच्या रंगीत तालमी मात्र लग्नाच्या रुखवतासारख्या असतात, बघायला मांडलेल्या. तारीख महिनाभर आधी ठरलेली, वेळ सकाळी अकराची, साहेबांच्या सोयीची. ‘जखमी’ नीट इस्त्रीच्या कपड्यात स्ट्रेचरवर झोपतो, बंब कोपऱ्यावर चालू इंजिनात उभाच असतो, बारा मिनिटांत संकट आटोक्यात आल्याचा अहवाल तयार होतो, मग चहा-सामोसे. अशा अहवालात एकही त्रुटी नोंदलेली नसेल तर ती तालीम झालीच नाही असं समजावं. पहाटे तीनला, न सांगता, नियंत्रण कक्षातला फोन उचलतो कोण एवढं जरी तपासलं तरी पुष्कळ कळेल.

आणि मोठ्या कारखान्यांत निदान तालीम तरी होते. आपल्या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत माणसं गेली ती बहुतांशी लहान आणि मध्यम कारखान्यांत. २६ मे २०१६ला डोंबिवलीत स्फोट होऊन १२ जण गेले. ११ जानेवारी २०२०ला तारापूर, ३ नोव्हेंबर २०२३ला महाड, मग २०२४ला पुन्हा डोंबिवली. इथे एकेका रिअॅक्टरमध्ये आज एक रसायन, उद्या दुसरं. साठा थोडा, म्हणून याद्यांमधल्या मोठ्या आकड्यांच्या खाली. पण एका गाळ्याला लागून दुसरा गाळा, आणि दुसऱ्यात काय साठवलंय ते पहिल्याला माहीत नाही. एकट्या लहान कारखानदाराला फोमचा बंब आणि डझनभर श्वसनसंच परवडणार नाहीत, हे खरंच आहे. म्हणून ‘मार्ग’ नावाचे परस्पर साहाय्य गट निघाले. चेंबूर-तुर्भे, ठाणे-बेलापूर, पाताळगंगा अशा पट्ट्यांत शेजारी कारखाने फोम, होज, संच आणि माणसं एकमेकांना देतात. जिथे असा गट जिवंत आहे तिथे पहिली मदत सरकारी बंबाच्या आधी, शेजारच्या फाटकातून येते.

कारखानाच नसला तर? १४ जुलै २०१०ला शिवडीत मुंबई बंदराच्या आवारात वर्षानुवर्षं बेवारस पडून गंजलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळलं आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात विद्यार्थीही होते. ना मालक, ना शिफ्ट इन्चार्ज, ना योजना. सगळे नियम कुणीतरी ‘भोगवटादार’ आहे असं धरून चालतात. तोच बेपत्ता असेल तर काय, याचं उत्तर जिल्ह्याच्या योजनेतच असायला हवं.

आणि मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारा प्रत्येक टँकर म्हणजे तर चाकांवरचा कारखाना. लोटे परशुराम, महाड, रोह्याकडची ही वाहतूक वळणावळणाच्या घाटांतून आणि गावांच्या मधून जाते. अशा टँकरच्या मागे आणि बाजूंना एक फलक असतो, तो एकदा थांबून वाचावा. चार आकडी क्रमांक असतो तो आंतरराष्ट्रीय: १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. त्याच्या वरची आकडा-अक्षरांची जोडणी अग्निशमन दलासाठी असते. पेट्रोलवर ३वायई लिहिलेलं असतं, त्यातला ३ म्हणजे फोम वापरा आणि शेवटचा ई म्हणजे आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा. चालकाच्या केबिनमध्ये त्या रसायनाचं ट्रेम कार्ड असायला हवं. टँकर उलटला तर बघ्यांची गर्दी त्याच्याकडे धावते, मोबाइल काढते, कधी डबेही आणते. धावायचं असतं उलट दिशेला, वाऱ्याकडे तोंड करून. लांबूनच तो चार आकडी क्रमांक वाचता आला, तर ११२ला फोन करताना ‘टँकर उलटलाय’ एवढ्यावर न थांबता क्रमांक, ठिकाण आणि वारा कुठून कुठे वाहतोय हे सांगावं. पलीकडच्या माणसाला त्यावरून फोम पाठवायचा की श्वसनसंच, आणि बंब गावाच्या कोणत्या टोकाने आत घालायचा, हे ठरवता येतं.